सफीनाच्या वेबसाइटचे मानकरी

सफीना फ्रूट प्रॉडक्ट्सच्या वेबसाइटवर हापूसच्या रसाच्या नावाखाली दोन वर्षं फणसाचं चित्र होतं. हे कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. चित्र बदलायला हवं, याबद्दलही कुणाचं दुमत नव्हतं. पण वेबसाइट ज्याने केली होती तो मुंबईचा गृहस्थ मस्कतला नोकरीला लागला होता आणि जाताना पासवर्ड बरोबर घेऊन गेला होता. मुद्दाम नेला असं नाही. माणूस परदेशी जाताना घाईत असतो, अशा बारीकसारीक गोष्टी राहून जातात. मात्र दुबईच्या एका व्यापाऱ्याने जेव्हा फोन करून ‘तो काटेवाला आंबा’ उघडल्यावर किती दिवस टिकतो असं विचारलं, तेव्हा कंपनीचे मालक अस्लमशेठनी महिपतराव नाचणकरांना केबिनमध्ये बोलावलं.

महिपतराव सफीनाचे ऑफिस मॅनेजर. रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कारखाना उभा राहायच्या आधीपासूनचे, म्हणजे अस्लमशेठच्या आई सकिनाबी राजिवड्यातल्या घराच्या मागच्या पडवीत मुरंबा करून बरण्या भरत तेव्हापासूनचे. पहिल्या बरणीवरचं लेबल महिपतरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तेव्हापासून कंपनीतून बाहेर पडणारा एकही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गेला नव्हता. ‘सविनय’च्या जागी कुणी नुसतं ‘नमस्कार’ ठोकलं तर ते पत्र परत टाईप होत असे. आंब्याची गोडी शेठ बघत आणि पत्राची महिपतराव, अशी कामाची वाटणीच होती म्हणा ना.

"महिपतराव, फेब्रुवारीत दुबईचं प्रदर्शन हाय," अस्लमशेठ म्हणाले. "मुझम्मिलने स्टॉल घेतलान. कार्डावर वेबसाइटचा पत्ता छापतोय." मुझम्मिल हा शेठचा धाकटा भाऊ, दुबईत राहून आखातातला धंदा सांभाळणारा. "त्याच्या आत साइट नवी पाहिजे. मराठी, इंग्रजी, उर्दू, अरबी, चारही. आणि चित्र बदलायला मस्कतला फोन लावायला लागता नये. अशी सिस्टिम असते म्हणे. आपल्याला हवं तेव्हा आपणच बदलायचं."

"असते," महिपतराव म्हणाले. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण त्या केबिनमध्ये ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांनी आजवर उच्चारले नव्हते आणि उतारवयात नवी सवय लावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"निवड तुम्ही करायची. नाय जमलं तर मोकळेपणाने सांगा. मुंबईची एक कंपनी हाय, ती लिहिणं-बिहिणं सगळंच बघते. मग तुम्हालाही हा ताप नको. गोडाऊनला कोणी जाणता माणूस पाहिजेच हाय."

शेठ हे रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते काळजीने बोलले, म्हणून ते जास्त लागलं. गोडाऊन कारखान्याच्या मागे होतं, वर पत्रे, आत डबे. तिथे वाचायला फक्त डब्यांवरच्या तारखा होत्या आणि त्यांत सुधारणा करायला वाव नव्हता. महिपतराव केबिनमधून बाहेर आले ते थेट आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

ही गोष्ट २००६च्या दिवाळीनंतरची. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती, त्यामुळे कारखान्यात फराळ आणि शीरखुर्मा यांच्याशिवाय कुणाचं डोकं दुसरीकडे नव्हतं. महिपतरावांनी सल्ल्यासाठी शेजारच्या रघूअण्णांना गाठलं. रघूअण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून ज्या ज्या वस्तूला वायर असते त्या सगळ्या त्यांच्या अखत्यारीत येत. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सिस्टिम कोणती पण घे. वायर मात्र जाडी घे." एवढं सांगून ते पेपर वाचू लागले. महिपतरावांनी ते डायरीत टिपून घेतलं, कारण तोपर्यंत त्यांच्याकडे या विषयावर दुसरं काहीच नव्हतं.

शोधाशोध करता करता तीन सिस्टिम समोर आल्या. पहिली पुण्याची. ती दाखवायला टाय लावलेले दोन तरुण आले, त्यांनी भिंतीवर उजेड पाडून चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच चित्राला लोडशेडिंग झालं. मग उरलेली सिस्टिम त्यांनी व्हरांड्यात उभं राहून हातवारे करून समजावली. किंमत मात्र अंधारात ऐकूनसुद्धा मोठी वाटली. दुसरी कोल्हापूरची. ती स्वस्त होती, गोड बोलणारी होती, पण अरबी मजकूर तिच्यात डावीकडून उजवीकडे जायचा. उझमा म्हणजे शेठची पुतणी, मुंबईला कॉम्प्युटर शिकून आलेली आणि अरबी-उर्दू वाचणारी. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, असं वाचायचं तर माणसाला आरशासमोर बसायला लागेल."

तिसरी सिस्टिम फुकट होती. बसस्टँडमागे कॉम्प्युटर क्लास चालवणारा विनीत ती बसवून द्यायला तयार होता. महिपतरावांनी विचारलं, "ही आहे कुणाची?" विनीत म्हणाला, "कुणाचीच नाही, काका. जगभरची माणसं मिळून बनवतात. कुणीही घ्यावी." ऑफिसात तोवर या तिघींची नावं पडली होती. पुण्याची ती हापूस, कोल्हापूरची ती पायरी, आणि रस्त्याकडेला कुणी लावलं माहीत नाही, कुणीही पाडून खावं अशी ही तिसरी, म्हणजे रायवळ.

रायवळ महिपतरावांच्या मनातून पहिल्या दिवशीच उतरली होती. फुकटात मिळालेली वस्तू निवडली असं शेठना सांगायचं म्हणजे आपण काही निवडलंच नाही असा त्याचा अर्थ होतो. एवढी जबाबदारी डोक्यावर घेऊन शेवटी रस्त्यावरचं उचलून आणलं, हे त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. ते हापूसच्याच बाजूचे होते. पण पुण्याच्या तरुणांनी जाता जाता एक प्रश्न विचारला आणि सगळी गणितं फिरली.

"सर, तुमच्याकडे मजकूर मंजूर कोण करतं? आमच्यात तीन पायऱ्या आहेत. लिहिणारा, तपासणारा, मंजूर करणारा."

त्या रात्री जेवताना महिपतरावांच्या डोक्यात तोच प्रश्न होता. मंजूर कोण करतं, हा प्रश्न पुण्याच्या माणसाला सोपा वाटतो. सफीनामध्ये दर हंगामाची पहिली पेटी आली की कॅन्टीनमध्ये सगळे जमत आणि महिपतराव आंबा कापून फोडी वाटत. पहिली फोड सकिनाबींची. मग अस्लमशेठ, मग मुझम्मिल आला असेल तर मुझम्मिल, मग घरातली माणसं, मग सोलण्याच्या खात्यावरची मथुराबाई, मग बॉयलरवरचा धोंडू, आणि मग बाकीचे. मथुराबाई धोंडूच्या आधी, कारण ती त्याच्या आधी कामाला लागली. एका वर्षी गडबडीत महिपतरावांनी धोंडूला आधी फोड दिली, तर मथुराबाई काही बोलली नाही. ती आणि तिच्या हाताखालच्या सगळ्या बाया महिनाभर काहीच बोलल्या नाहीत. एवढ्या बायका शांतपणे आंबे सोलताहेत हे दृश्य पाहून शेठना ताप भरला होता. आणि महिपतरावांच्या स्वतःच्या गावात शिमग्याला पालखीच्या नारळावरून दोन घरांतलं बोलणं बंद झालं होतं ते नातवंडांपर्यंत बंदच होतं. तेव्हा मंजुरी हा कामाचा प्रश्न नाही, मानाचा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मानकरी तीन पायऱ्यांवर बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला. "सहा पायऱ्या करता येतील का?"

"सर, एवढ्या मंजुऱ्या कुणी घेत नाही."

"आम्ही घेतो," महिपतराव म्हणाले.

पुण्याने वेगळा खर्च आणि वेगळी मुदत सांगितली. मुदत प्रदर्शनाच्या पलीकडे जात होती. कोल्हापूरची मजल चारपर्यंत गेली. विनीतला विचारलं तर तो म्हणाला, "काका, रायवळला काय, पाहिजे तेवढ्या." झालं. निवड झाली. महिपतरावांनी शेठना दिलेल्या टिपणात ‘सर्वसमावेशक’ हा शब्द तीनदा आला आणि ‘फुकट’ हा शब्द एकदाही आला नाही.

आता क्रम. इथे महिपतरावांनी खरी बुद्धी चालवली असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. फोडींचा क्रम वरून खाली येतो. पण मजकूर हा खालून वर जायला हवा. सोलण्यापासून सुरुवात, म्हणून मथुराबाई पहिली. मग धोंडू, उझमा, मुझम्मिल, अस्लमशेठ, आणि सगळ्यांत शेवटी सकिनाबी. शेवटचा शब्द अम्मांचा. याहून मोठा मान कोणता? रघूअण्णांनीही दुजोरा दिला. त्यांच्या खात्यात मोठा साहेब नेहमी शेवटी सही करत असे, आणि शेवटची सही झाल्याशिवाय खांबसुद्धा उभा राहत नसे. महिपतराव दोन दिवस या कल्पनेवर खूश होते.

विनीतने सगळी नावं भरली आणि मान वर करून विचारलं, "काका, तुम्हाला कुठे घालू?"

"मला कुठे नको. मी वाटणारा," महिपतराव म्हणाले. विनीतने आणखी काहीतरी टाईप केलं आणि चहा मागितला.

डिसेंबरात मजकूर लिहून झाला. महिपतरावांनी मराठीत लिहिला, उझमाने इतर भाषांत उतरवला, आणि तो पहिल्या मानकरणीकडे गेला. मथुराबाईला हात पुसत ऑफिसात आणून पडद्यासमोर बसवलं आणि वाचून दाखवलं. तिने पदर सावरून ऐकलं. "भाऊ, बाया टोप्या घालून काम करतात असा लिवलाव. धुतलेल्या टोप्या, असा लिवा. लोकांना काय ठाव." यात काही चुकीचं नव्हतं. शब्द घातला, बटण दाबलं. मजकूर धोंडूकडे गेला. धोंडू म्हणाला, "बॉयलरचा फोटो नाय? आंबा काय उन्हात शिजतो?" बॉयलरचा फोटो घातला. तेव्हा रायवळचा एक गुण कळला. कुणीही कानामात्रा इकडची तिकडे केली की सगळा मजकूर, चारही भाषांतला, पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसत असे.

म्हणजे परत मथुराबाई. तिने बॉयलर पाहिला. बॉयलर आला तर सोलण्याच्या खात्याचाही फोटो यायला हवा, हे तिने बोलून दाखवलं नाही, नुसतं बॉयलरकडे पाहत राहिली. महिपतरावांनी फोटोग्राफर बोलावला. फोटो आला, तो धोंडूकडे गेला, धोंडूला आपला फोटो आता लहान वाटू लागला. असं करत करत पौष उजाडला.

जानेवारीत एकदा मजकूर कसाबसा उझमापर्यंत पोचला आणि तिथून दुबईला गेला. सफीनाच्या निशाणीवर एक जहाज आहे. शेठचे आजोबा जहाजावर नाखवा होते, त्यांच्या आठवणीचं. अरबी पानावर सगळंच उलट बाजूने सुरू होत असल्यामुळे रायवळने आपल्या हुशारीने जहाजही फिरवलं होतं. मुझम्मिलचा फोन आला. "महिपतभाई, इथून बघितलं तर जहाज परत रत्नागिरीला चाललेलं दिसतंय. माल नापास झाल्यासारखा. गिऱ्हाईक काय समजेल?" जहाज वळवलं. जहाज वळवलं म्हणजे बदल झाला, आणि बदल झाला म्हणजे मथुराबाई.

अस्लमशेठनी मात्र कधीच त्रास दिला नाही. त्यांच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी पानाच्या जागी नुसते चौकोन दिसत. शेठनी ते शांतपणे खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "नीटनेटकं वाटतंय. एका ओळीत हाय सगळं." आणि मंजूर करून टाकलं. महिपतरावांना त्या चौकोनांत आपले ‘सविनय’ आणि ‘आपला कृपाभिलाषी’ गाडले गेलेले दिसत होते, पण त्या दिवशी त्यांनी सुधारणा करायचा मोह आवरला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मजकूर पाच जणांच्या मंजुरीसह शेवटच्या पायरीवर पोचला. मुझम्मिलची कार्डं छापून झाली होती, स्टॉलवर वेबसाइटच्या पत्त्याचा कापडी फलक लागला होता. आता फक्त अम्मांनी एक हिरवं बटण दाबायचं. उझमा अम्मांच्याच घरी राहायची. तिने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. दुपारी तिचा फोन आला.

"अंकल, अम्मा बटण दाबत नाय. विचारलं तर म्हणते, बघू."

महिपतरावांनी पेनाला टोपण लावलं. पुण्यात कुणी ‘बघू’ म्हणालं तर त्याचा अर्थ कदाचित खरंच ‘बघू’ असा होतो. रत्नागिरीत ‘बघू’ म्हणजे नाही, आणि का नाही ते तुमचं तुम्ही ओळखायचं. त्यांनी स्कूटर काढली.

राजिवड्याला खाडीकडच्या व्हरांड्यात सकिनाबी पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर लॅपटॉप, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. महिपतराव बसले. चहा आला, सांदण आलं. सकिनाबींनी महिपतरावांच्या बायकोचे गुडघे विचारले. सुरमई हल्ली खायच्या लायकीची राहिली नाही असं सांगितलं. पहिल्या बरणीचं लेबल पावसात भिजून शाई पसरली होती आणि महिपतने सगळी लेबलं परत लिहिली होती, ते आठवून हसल्या. रुमालाखालच्या वस्तूबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि महिपतरावांनाही विचारता येईना. अम्मांना थेट विचारायची रीत नव्हती.

बऱ्याच वेळाने सकिनाबी खाडीकडे बघत म्हणाल्या, "मथुरा परवा आली होती. तिला पहिली ठेवलास म्हणे."

"हो, अम्मा. कामाच्या क्रमाने."

"बरा केलास. राबणारी बाय हाय. आणि धोंडू दुसरा."

"हो."

"बरा. आणि मना शेवटी ठेवलास."

महिपतराव सरसावून बसले. शेवटची मंजुरी हीच सगळ्यांत वरची कशी, शेवटचा शब्द म्हणजे केवढा मान, मोठे साहेब कसे शेवटी सही करतात, हे त्यांनी सगळं सांगितलं. खांबाचं उदाहरणही दिलं. सकिनाबींनी पुरतं ऐकून घेतलं.

"शेवटी ज्याचा नंबर लागतो ना महिपत, त्याला बाठा मिळतो," त्या म्हणाल्या. "तूच कापतोस दर साली. तुला ठाऊक."

महिपतरावांच्या हातातलं सांदण हातातच राहिलं. कारण हे खरं होतं. फोडी वाटून संपल्या की ताटात जी कोय उरे, तिला इकडे बाठा म्हणतात, आणि तो बाठा वाटणाऱ्याचा. इतकी वर्षं तो महिपतरावच चोखत आले होते. आपण अम्मांना शेवटी बसवलं तेव्हा हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ज्या बाईने आपल्याला पहिलं लेबल लिहायला दिलं, तिच्याच ताटात आपण बाठा टाकला होता.

अम्मांना सगळ्यांत आधी बसवायचं म्हणजे क्रम बदलायचा. क्रम बदलला की पुन्हा पहिल्यापासून सहा मंजुऱ्या. मथुराबाई कालच नवस फेडायला हेदवीला गेली होती आणि मुझम्मिल दुबईत स्टॉलच्या फळ्या ठोकत होता. महिपतराव उठले. "येतो, अम्मा," म्हणाले. सकिनाबी म्हणाल्या, "ये. बघू."

ऑफिसात येऊन त्यांनी विनीतला फोन केला आणि सगळं सांगितलं. विनीत म्हणाला, "काका, पण तुम्हाला कुणाच्या मंजुरीची गरजच काय? तुम्ही म्हणालात ना, मी वाटणारा. रांग लावतो पण रांगेत उभा राहत नाही, त्याला ही सिस्टिम मालक समजते. तुमच्या पडद्यावर वर ‘प्रकाशित करा’ असं बटण आहे बघा. ते दाबलं की झालं."

महिपतरावांनी चष्मा वर केला. बटण होतं. "हे कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी फोन ठेवला. धुतलेल्या टोप्या, बॉयलर, वळवलेलं जहाज, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. एवढं होऊनही त्यांना आनंद झाला नाही, भीती वाटली. हे बटण दाबणं म्हणजे अम्मांच्या पुढ्यातलं ताट उचलून स्वतः जेवायला बसणं होतं. आणि न दाबणं म्हणजे उद्या मुझम्मिलच्या कार्डावरचा पत्ता उघडणाऱ्याला फणस दिसणं, आणि परवापासून गोडाऊन. सहाला वीज जायची होती. महिपतराव पावणेसहापर्यंत खुर्चीत बसून होते. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मनातल्या मनात राजिवड्याच्या दिशेने हात जोडले आणि बटण दाबलं.

साइट उघडली. आंब्याच्या नावाखाली आंबा होता, चार भाषांत. महिपतराव मराठी पान शेवटपर्यंत वाचणार तेवढ्यात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी दुबईहून फोन आला. साइट छान, गिऱ्हाईक खूश. एकाच जुन्या गिऱ्हाइकाने जरा नाराजीने विचारलं होतं की तो काटेवाला आंबा बंद केलात काय. अस्लमशेठनी पेढे मागवले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अम्मांच्या हाताला यश हाय. त्यांनी बटण दाबलान आणि झालं." हेदवीहून आलेल्या मथुराबाईने पहिली मंजुरी आपली होती हे दोघातिघांना सांगितलं, आणि धोंडूने बॉयलरशिवाय साइट कशी उजाड दिसली असती ते. पेढे घेऊन महिपतराव स्वतः राजिवड्याला गेले. व्हरांडा भरला होता, शेजारपाजारच्या बायका अम्मांचं कौतुक करत होत्या, आणि अम्मा ते ओढणी सावरत स्वीकारत होत्या. ‘मी दाबलं नाही’ असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. महिपतरावांकडे पाहून त्यांनी पेढा घेतला, अर्धा मोडला आणि अर्धा परत ठेवला. त्याचा अर्थ काय, यावर महिपतराव पुढचे काही दिवस झोपताना विचार करत असत. गोडाऊनचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. हा विजय होता आणि तो कुणालाही सांगता येत नव्हता, हे त्यांना फार बोचत होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला शेठच्या पावस गावच्या बागेतून हंगामाची पहिली पेटी आली. कॅन्टीनमध्ये सगळे जमले. सकिनाबी आल्या, त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. महिपतरावांनी गवत बाजूला केलं, आंबा हुंगला, सुरी लावली. दोन्ही गालांच्या दोन फोडी उतरवल्या, बाठा ताटात ठेवला आणि पहिली फोड बशीत घालून अम्मांपुढे धरली.

सकिनाबींनी बशी घेतली. फोडीकडे पाहिलं आणि बशी तशीच महिपतरावांसमोर धरली.

"तू खा आधी."

मथुराबाईने अस्लमशेठकडे पाहिलं, अस्लमशेठनी पंख्याकडे.

"अम्मा, हा तुमचा मान," महिपतराव म्हणाले.

सकिनाबी पुढे वाकल्या आणि त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या. "माझा मान तू दुबईच्या आदल्या दिवशीच खाल्लास. मना नाय कळला काय? मग आता फोड कशाला सोडतोस?"

महिपतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी फोड उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. इतक्या वर्षांत पहिल्या फोडीची चव कशी असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती गोड होती आणि तिच्यात थोडी लाजही होती.

"आता तो बाठा इकडे दे," सकिनाबी हात पुढे करून मोठ्याने म्हणाल्या. "मना पहिल्यापासून बाठाच आवडतो. दर साली फोड पुढे करता, एकाने पण कधी विचारलान नाय."

महिपतरावांनी बाठा दिला. सकिनाबी ओढणी खांद्यावर टाकून तो निवांतपणे चोखत बसल्या. मथुराबाई बशीकडे पाहत होती, धोंडू मथुराबाईकडे, आणि दुसरी फोड हातात धरून उभ्या असलेल्या महिपतरावांना ती कुणाला द्यायची ते काही केल्या सुचेना.